सॉकर : एका शब्दाची कुळकथा

‘सॉकर’ हा शब्द कानीं पडतांच पुष्कळ इंग्रज नाक मुरडतात आणि हा अमेरिकनांचा गांवढळपणा आहे असें समजतात. आमच्याकडील सुशिक्षितांनींही हा समज फारशी चौकशी न करितां उचलला आहे. परंतु शब्दाचें कुळ शोधूं लागलें म्हणजे निकाल अगदीं उलट लागतो.

‘फुटबॉल’ हें मूळचें एकाच खेळाचें नांव नव्हे. इंग्लंडांत शाळेगणिक नियम निराळे असत. कोठें चेंडू हातीं घेऊन धांवण्याची मुभा, तर कोठें मनाई. हा घोटाळा मिटविण्यासाठीं २६ ऑक्टोबर १८६३ रोजीं लंडन येथें कांहीं क्लबांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं ‘फुटबॉल असोसिएशन’ स्थापिली. चेंडू हातीं घेणारा पंथ वेगळा पडला आणि १८७१ सालीं त्याची ‘रग्बी फुटबॉल युनियन’ निघाली. एकाच नांवाचे दोन खेळ झाले, तेव्हां एकास ‘असोसिएशन फुटबॉल’ व दुसऱ्यास ‘रग्बी फुटबॉल’ म्हणणें भाग पडलें. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांस शब्द मोडून त्यास ‘अर’ हें शेपूट जोडण्याची मोठी हौस. त्यांनीं रग्बीचें ‘रगर’ केलें आणि ‘असोसिएशन’च्या पोटांतील एक तुकडा उचलून ‘सॉकर’ बनविलें. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. म्हणजे ज्यास गांवढळ म्हणावयाचें, तो शब्द विद्यापीठाच्या अंगणांत जन्मलेला आहे!

अमेरिकेंत ‘फुटबॉल’ हें नांव तेथील निराळ्याच खेळानें आधीं बळकाविलें होतें. म्हणून हा पाहुणा शब्द तेथें कामास आला. १९१३ सालीं स्थापन झालेल्या तेथील मध्यवर्ती संस्थेच्या नांवांत प्रथम केवळ ‘फुटबॉल’ होतें. १९४५ मध्यें त्याच्या शेजारीं ‘सॉकर’ आलें, आणि १९७४ मध्यें ‘फुटबॉल’ गळून ‘सॉकर’ तेवढें उरलें. इंग्लंडांत विसाव्या शतकांत बराच काळ दोन्ही शब्द सुखानें नांदले. पुढें अमेरिकेचा शिक्का बसल्यावर मात्र आईनेंच लेकरास परकें ठरविलें.

आमच्याकडे हा खेळ गोऱ्या पलटणींबरोबर रुजला. मुंबईंत १८९१ सालीं रोव्हर्स चषकाचे सामने सुरू झाले व पुष्कळ वर्षें तो चषक लष्करी संघांकडेच राहिला. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें तो जिंकिला. रग्बी मात्र मोजक्या जिमखान्यांबाहेर गेला नाहीं. दोन खेळांत भेद दाखविण्याची गरजच नसल्यामुळें मराठींत ‘सॉकर’ रुजला नाहीं. गरजेवांचून शब्द रुजत नाहीं, हा भाषेचा साधा न्याय आहे.

तथापि शब्दाचें भाग्य केवळ गरजेनें ठरत नाहीं; संस्थाही तें ठरवितात. आमचा ‘हुतुतू’ पाहा. १९५० सालीं अखिल भारतीय कबड्डी महासंघ झाला, नियम व सामने ‘कबड्डी’ या नांवानें चालूं लागले, आणि घरचें नांव मागें पडलें. आज शाळकरी मुलास ‘हुतुतू’ म्हणजे काय, हें समजावून सांगावें लागतें. खेळ वांचला, हें समाधान खरें. पण त्याबरोबर दम धरण्याचा तो मराठी नादही हरपला, ही हानि लहान नव्हे.

म्हणून वृत्तपत्रांच्या मथळ्यांत नवेपणासाठीं ‘सॉकर’ घालण्याची जी हौस दिसते, ती आम्हांस अनाठायीं वाटते. तो शब्द हीन आहे म्हणून नव्हे, तर ‘फुटबॉल’ आतां आमच्या घरचा झाला आहे म्हणून. शहापूर तालुक्यांतील किन्हवलीसारख्या गांवचा शेतकरी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं या टेबलावरून त्या टेबलाकडे हिंडून थकला, कीं ‘माझा नुसता फुटबॉल केला’ असें म्हणतो. त्यानें तो खेळ कधीं खेळला नसेलही. परंतु ज्या शब्दानें माणूस आपलें गाऱ्हाणें सांगतो, तो परका कसा म्हणावा?