कांग्रा खोऱ्यातील मिठाचा प्रयोग

काश्मीरपासून ईशान्य भारतापर्यंत पसरलेला हिमालयाचा डोंगरपट्टा गलगंडासाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो. गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून असलेली थायरॉइड अथवा अवटू ग्रंथी आयोडीनच्या साहाय्याने थायरॉक्सिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे शरीरभर पोहोचून पेशींच्या कामाची गती ठरवणारे द्रव्य, तयार करते; प्रौढ माणसाला त्यासाठी दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, परंतु हिमनद्यांनी आणि पावसाने येथील मातीतले आयोडीन वाहून नेल्यामुळे पिकांत तेवढेही उतरत नाही आणि मिळेल तो कण टिपण्याच्या धडपडीत ग्रंथी फुगत जाते; हाच गलगंड.

विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीरच्या उत्तरेकडील गिलगिट येथे रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरला असे आढळले की एकाच ओढ्याच्या काठच्या गावांत वरून खाली यावे तसे गलगंडाचे प्रमाण वाढत जाते. ओढ्याच्या पाण्यातला गाळ त्याने स्वतः प्यायला, स्वयंसेवकांनाही पाजला, आणि दूषित पाण्यातील जंतू हेच रोगाचे मूळ असल्याचा निष्कर्ष काढला. त्याचे निरीक्षण मोलाचे होते, निष्कर्ष मात्र अपुरा होता; थायरॉइडमध्ये आयोडीन असल्याचे बाउमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ सालीच दाखवून दिले होते.

गलगंडाचे मूळ आयोडीनच्या कमतरतेत आहे का, या प्रश्नाचा भारतातील निर्णायक निवाडा आजच्या हिमाचल प्रदेशातील कांग्रा खोऱ्यात झाला. १९५६ साली विकृतिशास्त्रज्ञ व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग पाडून शाळकरी मुलांचे गळे तपासले, तेव्हा सुमारे ३८ टक्के मुलांना गलगंड असल्याचे दिसले. त्यानंतर एका विभागाला पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले, दुसऱ्याला दमट हवेत अधिक टिकणारे पोटॅशियम आयोडेट मिसळलेले आणि तिसऱ्याला साधेच मीठ पुरवण्यात आले. मीठ हे वाहन निवडण्यामागे मोठी समज होती, कारण गरिबातल्या गरीब घरातही ते रोज आणि जवळपास ठरावीक प्रमाणात खाल्ले जाते. १९६२ पर्यंत आयोडीनयुक्त मिठाच्या दोन विभागांत हे प्रमाण अनुक्रमे १९ आणि १५ टक्क्यांवर उतरले, तर साध्या मिठाच्या विभागात ते होते तिथेच राहिले. तुलनेसाठी एका विभागातील मुलांना सहा वर्षे उपायाविना ठेवणे आजच्या नीतिनियमांत बसणारे नाही, आणि त्या मुलांचे ऋण या संशोधनाच्या प्रत्येक उल्लेखात मान्य व्हायला हवे. पुढे त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथील गलगंडही ओसरू लागला. १९६२ सालीच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

गळ्यावरची गाठ दिसते म्हणून तिची मोजणी झाली, पण खरी हानी न दिसणारी होती. गर्भवतीच्या आहारात आयोडीनची तीव्र कमतरता असेल तर गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि मतिमंदत्व, बहिरेपण, मुकेपण किंवा खुजेपण घेऊन मूल जन्माला येते. कांग्राच्या अभ्यासातही सहभागी असलेले एन. कोचुपिल्लई यांनी पुढे उत्तर प्रदेशाच्या तराई भागात नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासून थायरॉक्सिनची जन्मजात उणीव उघड केली. गलगंड हा डोंगराळ मुलखापुरता रोग नाही, हेही दरम्यान औरंगाबाद आणि भडोच यांसारख्या मैदानी जिल्ह्यांतील पाहण्यांतून कळून चुकले होते, म्हणून १९८० च्या दशकात देशातील सर्वच खाद्य मिठात आयोडीन मिसळण्याचे धोरण स्वीकारले गेले.