२७ मिनिटं: रखवालदारानेच दार अडवलं तेव्हा

आजची गोष्ट २ जुलै २०१९ची. भारतात संध्याकाळचे ७ वाजून १२ मिनिटं झाली होती. थोड्याच वेळात जगभरातल्या असंख्य वेबसाइट्स उघडेनाशा झाल्या. स्क्रीनवर एकच आकडा: ५०२. पहिला संशय साहजिकच हल्ल्याचा. पण हल्लेखोर कोणीच नव्हता!

थोडं मागे जाऊ. जुन्या फायरवॉलचं काम सोपं होतं: कुठलं दार उघडं, कुठलं बंद, एवढंच बघायचं. पण वेबसाइटचं दार उघडं ठेवावंच लागतं ना? डिसेंबर १९९८मध्ये 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात एका लेखानं दाखवलं, की वेबसाइटवरच्या साध्या रकान्यातून थेट डेटाबेसला हुकूम सोडता येतो. पुढे याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणू लागले. मग असा रखवालदार हवा झाला, जो आत येणाऱ्याची पिशवी उघडून बघेल. तोच वेब ॲप्लिकेशन फायरवॉल, म्हणजे वॅफ. २००२ साली इव्हान रिस्टिच यांनी 'मॉडसिक्युरिटी' आणलं, तेही मुक्त आणि मोफत. बॉट्स दिवसरात्र हजारो साइट्सची दारं ठोठावत असतात. त्यांना अडवायला वॅफ लागतोच.

आता २०१९. क्लाउडफ्लेअर ही कंपनी लाखो साइट्ससाठी हीच रखवाली करते. त्या दिवशी त्यांनी एक नवा नियम टाकला. तोही फक्त चाचणी म्हणून: कोणाला अडवायचं नाही, नुसती नोंद ठेवायची. पण नोंद ठेवायची तरी मजकूर तपासावा लागतोच. नियमात साधारण असं होतं: 'काहीही, मग पुन्हा काहीही, मग बरोबरचं चिन्ह'. आता पहिलं 'काहीही' कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं? कॉम्प्युटर प्रत्येक शक्यता तपासत बसला. जगभरातले प्रोसेसर १०० टक्क्यांवर गेले आणि साध्या लोकांसाठीही दार बंद झालं.

पुढची गंमत ऐका. कंपनीची स्वतःची अंतर्गत साधनंही त्याच दारामागे होती! दुरुस्ती करणाऱ्यांनाच आत जाताना अडचण. शेवटी जगभरातला वॅफच बंद केला, तेव्हा २७ मिनिटांनी गाडी रुळावर आली.

एवढी पोच का? कारण कंपनीचं बाकीचं सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्यानं जगभर जायचं. वॅफचे नियम मात्र एका झटक्यात सगळीकडे. कारणही पटण्यासारखं होतं: हल्ला थांबत नाही, मग नियम तरी का थांबेल?

म्हणून वॅफ लावणाऱ्या दोस्तांनो, नियम हासुद्धा कोडच असतो. आधी थोड्या ट्रॅफिकवर चालवा, प्रोसेसरवर नजर ठेवा, मग पुढे जा. आणि बंद करायचं बटण? ते दाराच्या बाहेर ठेवा.

भेटूया पुढच्या भागात!