तपकिरी खूण काय सांगत नाही?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी गाव भूकंपाने उद्ध्वस्त झाले. राज्यभरातून तेथे धान्य, कपडे, खाद्यपदार्थ आले. त्या काळी बिस्किटांच्या पुड्यावर हिरवी किंवा तपकिरी खूण नसे. ती आली २००१ मध्ये, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती होऊन. आज नव्या किल्लारीतील शाळकरी मुलालाही तिचा अर्थ ठाऊक असतो.

ही खूण ठरली ती शाकाहार-मांसाहाराच्या आचारासाठी. आरोग्याचा विचार तीत नव्हता. हा फरक दाखवणारा एक आजार त्यानंतर काही वर्षांतच उजेडात आला.

अमेरिकेच्या आग्नेय भागात सेटुक्सिमॅब हे कर्करोगावरील औषध देताच काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होई. इतरत्र असे क्वचित घडे. थॉमस प्लॅट्स-मिल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कारण दाखवले. या रुग्णांच्या रक्तात ‘अल्फा-गॅल’ या शर्करेविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासूनच होती. ही शर्करा गाय, शेळी, डुक्कर अशा सस्तन प्राण्यांत असते. माणसात नसते, कोंबडीत आणि माशातही नसते. २००९ मध्ये याच गटाने मांस खाल्ल्यावर काही तासांनी येणाऱ्या ॲलर्जीशी तिचा संबंध जोडला. त्याच वर्षी सिडनीच्या शेरिल व्हॅन नुनेन यांनी गोचीड चावणे आणि मांसाची ॲलर्जी यांचे नाते नोंदवले. तेथील गोचिडींच्या जाती आपल्या गोठ्यातल्यांहून वेगळ्या आहेत. परंतु रात्री मटण खाऊन मध्यरात्री अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर जेवणाकडे संशय जात नाही, ही अडचण सगळीकडे सारखीच.

अशा रुग्णाने पुडा कसा निवडावा? तपकिरी खूण अंड्याच्या केकवरही असते आणि मटणाच्या पदार्थावरही. पहिला त्याला चालेल, दुसरा जिवावर बेतू शकेल. उलट हिरव्या खुणेच्या पदार्थात दूध असू शकते. बहुतेक रुग्णांना ते सोसते, काहींना नाही. २०११ च्या नियमांनी जिलेटिन प्राणिज असल्याचे लिहिणे सक्तीचे केले, पण प्राणी कोणता हे विचारले नाही. २०२० च्या नियमांत तपकिरी वर्तुळाचा त्रिकोण झाला. त्याच नियमांतील ॲलर्जीकारक घटकांच्या यादीत दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन आहेत, मांस नाही. औषधी कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे असते, आणि औषधांना हे अन्ननियम लागू नाहीत.

म्हणून खूण ही पहिली चाळणी समजावी, निर्णय घटकांची यादी वाचूनच करावा. शंका असल्यास डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्यावी. शिक्षकांनी वर्गात रिकामी वेष्टने जमवून एकच प्रश्न विचारून पाहावा: यात सस्तन प्राण्यापासून आलेले काय आहे? किती वेष्टनांवर त्याचे उत्तर सापडते, ते मुलांनाच मोजू द्यावे.