नाशिकचा भोंगा आणि परदेशचे घड्याळ

माहिती-तंत्रज्ञान व्यवसायातील श्रम आणि समाधान यांचा विचार बहुधा वेतनाच्या अंगाने केला जातो. नाशिकच्या औद्योगिक इतिहासाकडे पाहिल्यास मात्र कामाच्या वेळेवर सत्ता कोणाची, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.

हिंदुस्थानची टपाल तिकिटे दीर्घकाळ लंडनच्या डी ला रू कंपनीत छापली जात. १९२६ मध्ये ते काम नाशिक रोडच्या सरकारी छापखान्यात सुरू झाले. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन सातपूरची वसाहत आकारास आली, आणि १९६४ मध्ये ओझरला विमानांचा कारखाना निघाला. कारखान्यातील काम कष्टाचे खरे. परंतु १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामाचा दिवस ९ तासांचा व आठवडा ४८ तासांचा ठरविला होता. भोंगा झाला की यंत्र मागे राही आणि कामगार मोकळा होई.

संगणकीय सेवांची गोष्ट निराळी आहे. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची स्थापना झाली, आणि १९९० नंतर परदेशी ग्राहकाचे काम येथेच बसून करण्याची पद्धत वाढली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ईएसडीएस कंपनीच्या रूपाने नाशिकलाही डेटा सेंटरचा व्यवसाय आला. डेटा सेंटर अहोरात्र चालू ठेवावे लागते. परदेशी ग्राहकाच्या कामाचे बंधन तर याहून सूक्ष्म असते. हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे ९ वाजतात, तेव्हा नाशिकला सायंकाळचे ७.३० झालेले असतात. ग्राहकाचा दिवस उगवतो तो येथील विश्रांतीच्या वेळी; आणि दूरध्वनी व संगणक घरी आल्यामुळे पाळी संपल्याचा भोंगा कोठेच होत नाही.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये असे प्रतिपादन केले की, कामाचा बोजा मोठा आणि निर्णयाचा अधिकार अल्प असला, म्हणजे मानसिक ताण वाढतो. दोन्ही मोठे असल्यास तेच काम नवे शिकण्यास प्रवृत्त करते. या दृष्टीने कठीण प्रणाली रचणारा तंत्रज्ञ समाधानी आणि तितकेच तास केवळ तक्रारी निवारणारा त्याचा सहकारी असमाधानी, हा विरोधाभास उरत नाही.

कायद्याने या प्रश्नाचे अर्धेच उत्तर दिले आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसास ९ तासांची मर्यादा घातली. २०२५ मध्ये ती १० तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. तथापि व्यवस्थापकीय वा पर्यवेक्षकीय पदावरील व्यक्तींना २०१७ चा हा अधिनियम लागूच नाही. म्हणजे बढती हे ज्या व्यवसायात यशाचे प्रमुख चिन्ह मानले जाते, तेथे बढतीबरोबरच कायद्याचे संरक्षण सुटते. मान वाढतो, पण दिवसावरील हक्क वाढतोच असे नाही.

सारांश, कारखान्यातील कामगाराने श्रम विकले, पण त्याची संध्याकाळ त्याच्याकडे राहिली. संगणक-व्यावसायिकाचे श्रम अधिक बुद्धिप्रधान, वेतनही बहुधा अधिक. परंतु ती संध्याकाळ कोणाची, याचा निर्णय जोवर त्याच्या हाती येत नाही, तोवर त्याचे समाधान केवळ वेतनाच्या आकड्यावरून मोजणे अपुरेच ठरेल.