साचेखात्यातले आबा

परवा आमच्या चाळीतले आबा गेले. साताऱ्याकडून तरुणपणी लालबागला आले, गिरणीत आधी बदली, मग साचेखात्यात कायम. माणूस कमी बोलायचा. साच्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच यायचं नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. तीच सवय घरीही राहिली असावी.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. नुसत्या पगारवाढीसाठी नव्हे बरं का. १९४६ च्या कायद्याने एकाच मान्यताप्राप्त युनियनला वाटाघाटीचा हक्क होता, तोही बदलायचा होता. दत्ता सामंतांवर भरपूर लिहिलं गेलं. पण घरं चालली कशी? आबा गावी दुसऱ्याच्या रानात मजुरीला गेले, इथे काकूंनी पापड लाटले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आबा एकदाच म्हणाले होते, "मी अजून संपावरच हाय."

काल ट्रंकेत त्यांचं गिरणीचं ओळखपत्र सापडलं. सोबत घराच्या सोडतीच्या अर्जाची पावती. नाव कधी लागलंच नाही. काकूंनी पावती पुसून परत पिशवीत ठेवली. वारसाच्या नावावर चालतो म्हणाल्या अर्ज.