७५० पैकी २८२ : परीक्षा नेमकी कुणाची?

१९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर नावाचा मुलगा मॅट्रिक झाला. गुण पडले ७५० पैकी २८२, म्हणजे ३७.६ टक्के. ही गुणपत्रिका नाव झाकून आजच्या एखाद्या 'मेरिट'वाल्याच्या हातात दिली, तर तो काय म्हणेल? 'मुलगा बेताचा आहे, फार शिकवू नका.'

याच मुलाला लहानपणी शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागत होतं. शिपाई नळ सोडायला नसेल तर तहान मारावी लागत होती. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्याला गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं, तेव्हा वर्गातली मुलं फळ्यामागे ठेवलेले आपले डबे उचलायला धावली. बाबासाहेबांच्या चरित्रात हा प्रसंग आपण सगळ्यांनी वाचला आहे. गुणपत्रिकेत या डब्यांचा रकाना नसतो.

हे आज लिहिण्याचं कारण आहे. आम्ही वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो. मागच्या वर्षी एक आई चौथीतल्या पोराला घेऊन आली आणि म्हणाली, "शाळेत चाचणी झाली. त्याला वाचता येत नाही, वजाबाकी येत नाही. बाई म्हणाल्या, याला डोकंच नाही." पोरगं खाली मान घालून उभं होतं. चार वर्षं शाळेनं शिकवलं आणि नापास मात्र पोराचं डोकं झालं! हा हिशोब कुठून आला, ते इतिहासात शोधलं पाहिजे.

वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या चाचणीवर शाळेचं भवितव्य ठरवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी १८६२ च्या सुधारित संहितेतून आणली. इन्स्पेक्टर यायचा, पोरांची परीक्षा घ्यायचा आणि जितकी पोरं पास तितकं अनुदान मिळायचं. परिणाम काय झाला? शिक्षक पोरांकडून धडे नुसते पाठ करून घेऊ लागले. स्वतः शाळा-निरीक्षक असलेल्या मॅथ्यू अर्नोल्ड यांनीच या पद्धतीवर कडाडून टीका केली. हीच 'निकाल तसं अनुदान' पद्धत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली. पास होणाऱ्या पोरावर पैसा मिळत असेल, तर आठवड्यातून तीन दिवस गुरं राखायला जाणारं पोर कोणत्या शाळेला हवंसं वाटेल? १९०४ च्या शैक्षणिक ठरावात सरकारनं ही पद्धत सोडून दिली. पण नापासाचं खापर पोरावर फोडण्याची सवय सुटली नाही.

आमची पोरं तर तेव्हा परीक्षेपर्यंतही पोहोचत नव्हती. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेनं एका महार मुलाला प्रवेश नाकारला. त्यानं सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचं उत्तर असं होतं की, न्याय मुलाच्या बाजूनं आहे, पण एकट्यासाठी त्याला आत घेतलं तर बाकीच्यांना शाळा निरुपयोगी होईल. न्याय तुमचा, पण शाळा त्यांची!

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. जास्त मुलं पास करणाऱ्या खेड्यातल्या शिक्षकाला पगाराशिवाय बक्षीस द्या, असं तेही म्हणतात. म्हणजे चाचणीला त्यांचा विरोध नव्हता. पण त्यासोबत त्यांनी काय मागितलं ते पाहा. बारा वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण, किमान बारा रुपये पगार असलेला प्रशिक्षित शिक्षक, आणि तो शक्यतो शेतकरी वर्गातला, पोरांत मिसळणारा. आधी शिकवण्याची सोय, मग निकालाची अपेक्षा, असा तो क्रम आहे.

१२ मार्च १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या सत्याग्रहाच्या आठवडाभर आधी, बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवलं. पण ८२ पोरं 'ढ' आहेत असं ते म्हणाले नाहीत. शाळेत आलेलं प्रत्येक मूल कायमचं साक्षर होऊनच बाहेर पडलं पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी सरकारवर टाकली. ज्या आकड्यानं आपल्याला हिणवलं जातं, त्याच आकड्यानं सरकारला जाब विचारता येतो, हे आम्ही त्या भाषणातून शिकलो.

आता आजचं पाहू. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा उत्तर प्रदेशातला प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात जाहीर केली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित मुलांत लक्षणीय फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात पुकारली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी घसरली. मुलं तशीच, कोडी तशीच. बदललं होतं ते फक्त पुकारणं.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात, या चाचण्याच मनुवादी आहेत, फेकून द्या. आम्हाला हे पटत नाही. २००५ पासून 'असर'चे अहवाल सांगतात की ग्रामीण भारतात पाचवीतल्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. २०२४ च्या अहवालातही चित्र जवळपास तेच आहे. ही पोरं कुणाची आहेत? बहुतेक आपलीच. चाचणी बंद केल्यानं त्यांना वाचता येणार नाही, फक्त त्यांचं न वाचणं झाकलं जाईल.

खरा धोका दुसरीकडे आहे. शिक्षण हक्क कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीत मुलाला नापास करून त्याच वर्गात ठेवण्याचा मार्ग मोकळा झाला. शिकवायचं शाळेनं आणि शिक्षा भोगायची पोरानं! मागे राहिलेलं गरिबाचं पोर पुढच्या वर्षी वर्गात दिसेल की वीटभट्टीवर, हे वस्तीत काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. १९२७ च्या त्या ८२ पोरांची वाट इथूनच जाते.

म्हणून मित्रांनो, प्रत्येक वस्तीतून दोन पालक शाळा व्यवस्थापन समितीत गेलेच पाहिजेत. कायद्यानं तिथे तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. चाचणीचा निकाल तिथे मागा. पोराचं नाव पुकारू नका, पण अनुसूचित जाती-जमातीची किती मुलं वाचतात, किती गणितं करतात, हे विचारा. शिक्षक किती दिवस वर्गात होता, पोरं कुठे बसतात, झाडू कुणाच्या हातात दिला जातो, हेही विचारा.

ते चौथीतलं पोर आता वर्तमानपत्राचे मथळे वाचतं. वजाबाकीत हातचा घ्यायला अजून चुकतं. डोकं तेच आहे. सात महिने रोज संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसलं, एवढाच फरक पडला.

जय भीम!