धनको सापडला नाही, म्हणून देणे खोटे ठरते काय?

सांगलीच्या पेठेत हळदीची आवक वर्षाच्या आरंभी वाढू लागते आणि मागोमाग तासगाव-सांगलीच्या बेदाण्याचा हंगाम सुरू होतो. माल उधारीवर उचलला जातो. बेदाण्याच्या व्यवहारात तर दिवाळीच्या सुमारास सौदे काही काळ थांबवून सर्व येणे-देणे मिटवण्याची प्रथा आहे. व्यापारी तिला ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. म्हणजे पेठेचे वर्ष दिवाळीला संपते आणि प्राप्तिकर खात्याचे ३१ मार्चला. ताळेबंदावर सही होते ती नेमकी देणी फुगलेली असताना. सातारा-सांगलीतील व्यापाऱ्यांना येणाऱ्या अनेक नोटिशींचे मूळ या साध्या कालगणनेत असते, हे नोटीस काढणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते.

छाननीसाठी प्रकरण निवडले गेले, की कर निर्धारण अधिकारी धनकोंची यादी मागवतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३३(६) अन्वये त्यातील काहींना परस्पर पत्रे जातात. काही पत्रे ‘पत्त्यावर आढळत नाही’ असा शेरा घेऊन परत येतात, काहींना उत्तरच येत नाही. एखादा छोटा पुरवठादार धंदा बंद करून गेलेला असतो, एखाद्या शेतकऱ्याला इंग्रजी पत्राचा अर्थ लागत नाही. कधी मात्र तो धनको खरोखरच कागदावरचा असतो. तेव्हा संशयाला जागा आहे, हे मान्य करावेच लागेल.

यापुढे अधिकाऱ्यासमोर तीन वाटा असतात, आणि वादाचा खरा गाभा येथे आहे. कलम ६८ नुसार वहीत जमा दाखवलेल्या रकमेचे स्वरूप व स्रोत समाधानकारकपणे सांगता आला नाही, तर ती रक्कम उत्पन्न धरता येते. देणाऱ्याची ओळख, त्याची ऐपत आणि व्यवहाराचा खरेपणा या तीन गोष्टी करदात्याने दाखवायच्या असतात. कलम ४१(१) जुन्या देण्यांसाठी आहे. पूर्वी खर्च म्हणून वजावट घेतलेले देणे माफ झाले किंवा संपुष्टात आले, तर तेवढी रक्कम त्या वर्षीचे धंद्याचे उत्पन्न ठरते. तिसरी वाट खरेदीच बनावट ठरवण्याची.

कलम बदलले की कराचा आकडा बदलतो. डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या पाठोपाठ, कलम ११५बीबीई मध्ये दुरुस्ती झाली आणि आकारणी वर्ष २०१७-१८ पासून कलम ६८ ते ६९डी खालील उत्पन्नावर ६० टक्के कर व त्यावर २५ टक्के अधिभार लागू झाला. ४ टक्के उपकर धरला, तर हा बोजा ७८ टक्क्यांवर जातो, दंड वेगळा. समजा, एका भागीदारी पेढीच्या ताळेबंदात ४० लाखांची देणी सिद्ध झाली नाहीत. ती कलम ६८ खाली गेली, तर कर ३१ लाख २० हजार. कलम ४१(१) खाली गेली, तर ३० टक्के दराने, अधिभार न धरता, १२ लाख ४८ हजार. शिवाय कलम ६८ च्या रकमेतून तोटाही वजा करता येत नाही. उगाच नाही सल्लागार कलमाच्या आकड्यावर इतके भांडत!

मालाच्या उधारीला कलम ६८ लावावे काय, यावर न्यायालयांचा कल बराच स्पष्ट आहे. खरेदी मान्य, विक्री मान्य, त्यावरचा नफाही मान्य. मग त्याच खरेदीची उधारी तेवढी खोटी कशी? हा युक्तिवाद अलाहाबाद व दिल्ली उच्च न्यायालयांनी उचलून धरला आहे. शिवाय मागील वर्षापासून पुढे आलेली शिल्लक या वर्षी ‘जमा’ झालेली नसते. त्यामुळे तिला या वर्षी कलम ६८ लावता येत नाही.

मग जुन्या देण्यांसाठी कलम ४१(१) पुढे येते. तीन वर्षांची मुदत उलटली, वसुलीचा दावा करता येत नाही, म्हणून देणे संपले, असे खाते म्हणते. सर्वोच्च न्यायालयाने सुगौली शुगर वर्क्सच्या प्रकरणात १९९९ साली हे मत फेटाळले. मुदतीने दाव्याचा मार्ग बंद होतो. ऋण नाहीसे होत नाही. मात्र व्यापाऱ्याने स्वतःच ते देणे वहीतून काढून नफ्यात घेतले, तर १ एप्रिल १९९७ पासून लागू झालेल्या स्पष्टीकरणामुळे ते करपात्र ठरते.

बनावट खरेदीच्या वादाला महाराष्ट्रात वेगळा इतिहास आहे. राज्याच्या विक्रीकर विभागाने संशयित ‘हवाला’ विक्रेत्यांची यादी जाहीर केली आणि प्राप्तिकर खात्याने ती जशीच्या तशी हाती घेतली. निकुंज एक्झिम्पच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१२ मध्ये सांगितले, की विक्री संशयातीत असताना केवळ पुरवठादार हजर झाला नाही, एवढ्यावरून खरेदी नाकारता येणार नाही. पण याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कनक इम्पेक्सच्या प्रकरणात संपूर्ण खरेदी नामंजूर करणे योग्य ठरवले. तेथे करदाता खरेदी सिद्धच करू शकला नव्हता. तेव्हा जुन्या निकालाची प्रत जोडली की काम झाले, या भ्रमात कोणी राहू नये.

गुंतवणुकीचे वाद अधिक घरगुती असतात. प्लॉट घेतला, बंगला बांधला, दागिने सापडले. पैसा कोठून आला? कलम ६९ येथे लागते. या भागात नेहमीचे उत्तर ‘शेतीचे उत्पन्न’ हे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने खाते त्याकडे साशंकतेने पाहते. नुसता सातबारा जमीन दाखवतो, पैसा दाखवत नाही. पीकपाहणीची नोंद, कारखान्याची ऊसबिले, बाजार समितीतील पट्ट्या आणि बँकेचा उतारा एकत्र ठेवले, तर उत्तराला वजन येते. उत्तर पटले नाही, तरी रक्कम उत्पन्न धरलीच पाहिजे असे नाही. १९६७ साली एर्नाकुलम येथे जमीन घेणाऱ्या विशीतील एका महिलेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कलमातील ‘धरता येईल’ या शब्दावर बोट ठेवले. त्या वयात, त्या परिस्थितीत तिने तेवढे कमावले असणे शक्यच नव्हते.

सोन्याबाबत एक गैरसमज फार पसरला आहे. विवाहितेचे ५००, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने ‘माफ’ असल्याचे सांगितले जाते. ११ मे १९९४ चे ते परिपत्रक मुळात झडतीत जप्ती करू नये, एवढ्यापुरते आहे. काही न्यायालयांनी त्याचा आधार घेऊन करदात्याला दिलासा दिला, हेही खरे. विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांची अडचण निराळी. भट्टीवरचे सोने पुष्कळदा गिऱ्हाइकाचे असते. कलम ६९ए मालकाला लागते, ताबेदाराला नव्हे. बिहारमधील एका डांबर वाहतूकदाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये हा भेद ठळकपणे मांडला. परंतु ज्याच्या हाती वस्तू, तो मालक, असे कायद्याचे अनुमान आहे. ते खोडण्यासाठी कोणाचे किती सोने केव्हा आले, याची पावती लागते.

आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करावे लागते. तेथे नवा पुरावा सहज घेतला जात नाही, म्हणून खातेउतारे व पुरवठादारांच्या पुष्टिपत्रांची जमवाजमव नोटीस येताच झालेली बरी. पुढची पायरी अपिलीय न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाची, त्यानंतर उच्च न्यायालयाची. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील सर्किट बेंचचे काम १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले असून सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा अमलात आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. त्याआधीच्या वर्षांच्या प्रकरणांना मात्र १९६१ चाच कायदा लागू राहील.